लोहकरेबाई बसणार का?

"बाई आज दुपारपर्यंत बसते. माझ्याकडून लिहून घ्या," असं म्हणून नाना पिंगळ्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

त्या सोमवारी सकाळी भाऊंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पटणी वकिलांनी नुकतीच माघार घेतली होती. त्यांनी स्वतः येऊन भाऊंच्या गळ्यात हार घातला, दोघांचे हात उंच धरलेले फोटो निघाले आणि लगोलग पेढे फिरले. आता समोर एकच नाव उरलं होतं, इंदुमती लोहकरे. तेही सगळ्यांत मागे असलेलं.

त्या साली आमच्या पक्षाला एक नवीनच हुक्की आली होती. विधानसभेचं तिकीट मुंबईच्या बंद खोलीत ठरवायचं नाही, मतदारसंघातल्या सभासदांनी मतं टाकून ठरवायचं. ओळीने तीन रविवार. पहिल्या रविवारी नदीकाठची गावं, दुसऱ्या रविवारी सोनवड शहर आणि तिसऱ्या रविवारी डोंगरपट्टा. दोन रविवार झाले होते. दूधसंघाचे अध्यक्ष रणधीर बोरस्ते, म्हणजे आमचे भाऊ, दोन्हीकडे दणदणीत पुढे होते. पटणी दुसरे होते आणि लोहकरेबाईंची मतं एका एसटीत मावली असती. बुधवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत त्या बसल्या, म्हणजे त्यांनी माघार घेतली, की तिसऱ्या रविवारची गरजच नव्हती. भाऊ बिनविरोध उमेदवार होणार होते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि सोनवडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. त्याआधीच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मी गंमत म्हणून वर्तवलेला निकाल जवळजवळ तसाच लागला आणि भाऊंनी मला बोलावून घेतलं. तेव्हापासून बंगल्यावर सगळे मला 'आकडेबाई' म्हणायचे. माझ्या आईला त्याचा भयंकर राग यायचा, कारण आमच्या गावात आकडा म्हणजे मटका. मला मात्र ते दिवस आठवले की अजून अंगात वारं शिरतं. सकाळी उठल्यापासून टेलिफोन, जीपगाड्या, कोण फुटला, कोण आला. वर्गात मुलांना सरासरी शिकवताना माझा जीव बंगल्यावर असायचा.

"वैजयंती, तुझं गणित काय म्हणतं?" भाऊंनी गर्दीतूनच विचारलं.

"गणित म्हणतं, त्यांनी पहिल्याच रविवारी बसायला हवं होतं."

"बघा!" नाना म्हणाले.

"पण त्या बसल्या नाहीत," मी म्हणाले. "दुसऱ्या रविवारनंतरही बसल्या नाहीत. माझ्या गणितात नसलेलं काहीतरी त्यांच्याकडे आहे."

भाऊ उठले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. पाठोपाठ भाऊंचे कारभारी नाना होतेच. भाऊ चाळिशीचे, धिप्पाड आणि मोकळ्या स्वभावाचे होते, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळावर आठी होती. विरोधी पक्षाच्या उमेदवाराचा प्रचार केव्हाच सुरू झाला होता आणि आपण अजून घरातलीच कुस्ती खेळतोय, याची त्यांना रुखरुख लागली होती.

"तू वर जा," ते म्हणाले. "दिवसभर त्यांच्याबरोबर राहा. बाईमाणूस आहेस, तुझ्याशी बोलतील. मला एवढंच सांग, बसणार की नाही."

"आणि सांग त्यांना," नाना म्हणाले, "बसल्या तर जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद. नानाचा शब्द."

---

उंबरविहीर, लोहकरेबाईंचं गाव, घाटाच्या वरच्या अंगाला आहे. जीप शेवटच्या चढाला धापा टाकत पोचली तेव्हा लोहकरेबाई घरी नव्हत्या. "त्या पल्याडच्या वाडीवर," असं कुणीतरी सांगितलं. मी चालत निघाले. वाडी दिसायच्या आधी हशा ऐकू आला.

एका मांडवाखाली पन्नास-साठ बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मधोमध तेलाचा रिकामा डबा, त्याच्या झाकणाला फट पाडलेली. डब्याशेजारी उभी होती ती सावळी, उंच बाई, पदर खोचलेला आणि हातात अर्धा कापलेला बटाटा. ह्याच इंदुमती लोहकरे. एकदा पंचायत समितीच्या सभापती झालेल्या, आवाजाने अख्खं सभागृह दणाणून सोडणाऱ्या. मी त्यांना लांबूनच पाहिलेलं होतं.

त्यांनी मला पाहिलं आणि क्षणात ओळखलं.

"बोरस्त्यांची आकडेबाई! ये. भाऊंनी मोजायला पाठवलंय ना? मग मोज की. आधी तू खाली बस, माझ्या बसण्याचं नंतर बघू."

बायका खो खो हसल्या. मी कानकोंडी होऊन कडेला टेकले.

जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर दोन भाकरी काढलेल्या. एक काळी, ती नागलीची, म्हणजे नाचणीची. एक कोरी, ती तांदळाची. बाई सांगत होत्या, "जी आवडते तिच्यावर शिक्का मारायचा. एकीवरच. मग अशी घडी घालायची, म्हणजे शाई दुसरीकडं लागत नाही. आणि कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मलासुद्धा नाही."

बटाट्याचा शिक्का शाईत बुडवून एकेक बाई आडोशाला जायची, चिठ्ठी डब्यात टाकून हसत परत यायची. शेवटी डबा उपडा केला. मोजणी सुरू झाली आणि मांडवात असा गलका उठला की कुस्त्यांचा फडच जणू. तांदळाची भाकर एका मतानं जिंकली.

"खोटं आहे!" एक पिकल्या केसांची बाई ताडकन उठली. "माझी नागली कुठं गेली? मी नागलीवर मारलावता."

"तुमचा शिक्का दोन्ही भाकरींवर लागलाय, जाऊबाई. मत बाद."

"बाद? माझं मत बाद करनारी तू कोन गं इंदे? परत मोज!"

ही चांगुणा, लोहकरेबाईंची थोरली जाऊ. तिने खरोखरच परत मोजायला लावलं आणि परत हरल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाली, "बरं. आयतवारी नीट मारीन."

दिवसभर मी त्यांच्याबरोबर तीन वाड्या फिरले. सगळीकडे तेच. डबा, बटाटा, भाकरी, भांडणं, हशा. मी वाट पाहत होते की आता बाई स्वतःसाठी मत मागतील. त्यांनी एकदाही मागितलं नाही. तिसऱ्या वाडीकडे उतरताना मी सरळ विचारलं.

"ताई, स्पष्ट बोलू?"

"बोल की."

"डोंगरपट्ट्यात आठशेच्या आसपास सभासद आहेत. सगळ्यांनी येऊन सगळी मतं तुम्हाला दिली तरी तुम्ही हरता. आणि मतदानाची पेटी खाली टाकळीला असणार. तिथंवर निम्मेसुद्धा येणार नाहीत."

"तुझं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी ते तुझ्या आधी केलंय."

"मग बसत का नाही?"

"बसणार नाही असं मी कुठं म्हणाले?" त्यांनी वाटेतली करवंदीची फांदी माझ्यासाठी बाजूला धरली. "बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना?"

मी नानांचा निरोप दिला. जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद ऐकून त्या थांबल्या.

"हे भाऊ म्हणाले की नाना?"

"नाना."

"नानांना सांग, विचार करते म्हणावं." आणि त्या पुन्हा भराभर उतरू लागल्या. त्यांच्या चालीशी बरोबरी करताना माझा दम निघाला.

---

मंगळवारी सोनवडला दुसरा विषयच नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, भेळेच्या गाडीवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे एकच प्रश्न. बाई बसणार का? आमच्या प्राचार्यांनी मला चहा पाजून विचारलं. एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याने तर पैज लावली की बाई बसल्या तर तो बुधवारी सगळ्यांना फुकट चहा देईल. त्या बसणारच अशी त्याला खात्री होती, त्यामुळे ती पैज कशी, ते मला कळलं नाही.

बंगल्यावर मी भाऊंना सोमवारचं सगळं सांगितलं. डबा, भाकरी, आणि 'विचार करते'सुद्धा.

"झालं तर!" नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. "विचार करते म्हणजे काय? लग्नाची पोरगी 'आईला विचारा' म्हणते ना, तसं ते. मी बँड सांगून ठेवतो."

"वैजयंती?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही बसणार," मी म्हणाले.

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. माझ्याच तोंडून ते इतक्या ठामपणे निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"कशावरून?"

"भाऊ, ज्याला निघायचं असतं तो आवरायला लागतो. त्या पसारा मांडतायत."

"पण जिंकतील का?"

"नाही. कुठल्याच हिशोबाने नाही."

"मग कशासाठी चाललंय हे?"

"ते मला कळलं नाही."

नाना हसले. "आकडेबाई, तुला ऊन लागलं वर." बाकीचेही हसले. भाऊ हसले नाहीत, पण म्हणाले, "बँड सांगा."

मी घरी आले ती चरफडतच. हरणारा माणूस मागे का रेंगाळतो, याची कारणं मी मनात लावून पाहिली. हट्ट, सौदा वाढवणं, कुणावरचा राग. एकही त्या बाईला बसेना. हट्टी माणूस एवढा आनंदात नसतो.

---

बुधवारी दुपारी चारच्या पुढे फोन खणखणला. लोहकरेबाई घाट उतरल्या, सोबत जीपभर बायका, आणि त्या सरळ पक्षाच्या कार्यालयाकडे येतायत.

माघारीचा अर्ज तिथेच द्यायचा होता. शहरात बातमी वाऱ्यासारखी पसरली. मी वर्ग अर्धवट सोडून धावले. कार्यालयासमोर रस्ता भरून गेला होता. बँडवाले लाल कोट घालून तयार. नानांनी बाईंसाठी शाल आणि नारळ आणून ठेवले होते, बसणाऱ्याचा मान राखावा लागतो ना. मला पाहून ते ओरडले, "आकडेबाई, ये! तुझ्या गणिताची मिरवणूक बघायला ये!"

आत टेबलामागे मुंबईहून आलेले निरीक्षक कर्णिक बसले होते. सभ्य, घामाघूम आणि परतीच्या गाडीची चिंता लागलेले. शेजारच्या खुर्चीत भाऊ. लोहकरेबाई आल्या, सगळ्यांना नमस्कार करून समोर बसल्या. मागे चांगुणा आणि इतर बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बोला, ताई," कर्णिक माघारीचा कोरा अर्ज पुढे करत म्हणाले.

"घसा कोरडा पडलाय हो. चहा मिळेल?"

कुणीतरी पळालं. चहा आला. बाईंनी तो बशीत ओतला आणि फुंकर घालू लागल्या. फुंकर, घोट, पुन्हा फुंकर. मध्येच त्यांनी भाऊंच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. कर्णिकांना मुंबईत पाणी किती वेळ येतं ते विचारलं. बाहेर बँडवाल्याने क्लॅरिनेट तपासून पाहिलं.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पहिल्यांदा कर्णिकांनी पाहिलं. मग भाऊंनी. मग मी. मला कळलं की ती बाई चहा पीत नव्हती, ती पाच वाजवत होती!

"ताई," नाना पुढे झाले, त्यांचा आवाज चढला होता, "वेळ थोडा राहिलाय. सहीचं तेवढं उरकून घेऊ."

"थांबा हो नाना, तोंड भाजतंय."

मी भाऊंच्या बाजूची होते, त्यांच्या विजयासाठी महिनाभर राबलेली. तरीही त्या क्षणी माझं सगळं लक्ष घड्याळाच्या मोठ्या काट्यावर होतं आणि मी मनातल्या मनात त्याला ढकलत होते.

पाचाचे ठोके पडले. बाईंनी बशी खाली ठेवली.

"कर्णिकसाहेब, आता मला बसता येत नाही ना?"

"नाही," कर्णिक चाचरत म्हणाले. "मुदत संपली. आता मतदान घ्यावंच लागेल."

"मग बरं झालं. मी बसायला आलेच नव्हते. मी पेटी न्यायला आलेय."

"कसली पेटी?"

"मताची. ती टाकळीला ठेवताय तुम्ही. टाकळीपासून आमच्या शेवटच्या वाड्यांना जायला-यायला अख्खा दिवस जातो. पेटी वर उंबरविहिरीला पाहिजे, शाळेत."

नानांनी टेबलावर हात आपटला. "ही काय थट्टा आहे? अहो, तुम्ही हरताय! तिकडनं सगळी मतं आली तरी हरताय!"

"मला माहीत आहे. तुमच्या आकडेबाईलाही माहीत आहे. विचारा तिला."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी मान हलवली.

"मग कशासाठी?" भाऊ पहिल्यांदाच बोलले. रागाने नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

लोहकरेबाई त्यांच्याकडे वळल्या. इतका वेळ गंमत करणारा तो आवाज खाली आला.

"भाऊ, मी या पक्षात पंचवीस वर्षं आहे. तालुकाध्यक्ष निवडायला पक्षाची अंतर्गत मतदानं होतात ना, तशी माझ्या काळात चार झाली. चारही वेळा आमच्या डोंगराचं मतदान शंभर टक्के. एकूण एक सभासदाचं मत पडलं, आणि एकूण एक मत एकाच माणसाला. मेलेल्यांचीसुद्धा. आमच्या डोंगराचा तुमच्या वडिलांना केवढा अभिमान! भाषणात सांगायचे, डोंगर म्हणजे एकजूट." त्या थांबल्या. "ह्या माझ्या जाऊबाई. सभासद होऊन वीस वर्षं झाली. त्यांनी आजवर मताची पेटी बघितलेली नाही. त्यांचं मत इथं, ह्या खोलीत कुणीतरी टाकायचं."

नानांना अचानक तंबाखूची पिंक टाकायची आठवण झाली आणि ते खिडकीकडे गेले.

"ह्या वेळी पहिल्यांदा मुंबईचा निरीक्षक आहे. पहिल्यांदा खरी पेटी आहे. मी पहिल्या रविवारी बसले असते, दुसऱ्या रविवारी बसले असते, तर पटणी बसल्यावर तिसरा रविवार झालाच नसता. पेटी आली तशी मुंबईला गेली असती. म्हणून राहिले. निवडून तुम्हीच या. पण आमच्या बायकांना एकदा मत टाकू द्या."

कर्णिकांनी घाम पुसला. "केंद्र बदलायला हरकत नाही," ते म्हणाले, "पण नियमाने दोन्ही उमेदवारांची संमती लागेल."

म्हणजे आता सगळं भाऊंवर आलं. ज्या अभिमानाच्या गोष्टीवर ते लहानाचे मोठे झाले होते, ती त्यांच्यासमोर उलगडून ठेवलेली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वैजयंती, पेटी वर गेली तर माझं काय होईल?"

"काही नाही. तुम्हीच जिंकाल." मी म्हणाले. "पण मग तुम्हालाही वर जावं लागेल, भाऊ. तिथं आजवर आपलं कुणी मत मागायलाच गेलेलं नाही."

भाऊ एकदम मोठ्याने हसले. "द्या कागद," ते कर्णिकांना म्हणाले आणि त्यांनी संमतीवर सही केली.

बाहेर बँडवाल्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. गर्दी हलताना दिसली आणि त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. लोहकरेबाई शाल-नारळ न घेता, बँडच्या तालावर, बायकांना घेऊन जीपकडे निघाल्या. मी कोपऱ्यात उभी राहून हसत होते, आणि माझे डोळे का भरून आलेत ते मला कळत नव्हतं.

---

शुक्रवारी भाऊ डोंगर चढले. मी बरोबर होते. उंबरविहिरीपर्यंत जीप आणि पुढे पायी. पांढऱ्या कपड्यांची तांबडी माती झाली. वाड्यांवर लोक त्यांच्याकडे बघत उभे राहायचे आणि भाऊ नुसते हात जोडायचे. भाषणं करायची सवय, पण दहा माणसांपुढे काय बोलायचं, ते त्यांना सुचेना.

चांगुणाच्या अंगणात आम्ही टेकलो. तिने कोरा चहा दिला, गूळ घातलेला.

"तुजा बाप कधी आला न्हाई. तू कसा काय आलास?"

"मत मागायला आलो, मावशी."

"मंग माग की. नुस्ता हात जोडून काय बसलास देवावानी?"

भाऊ गोरेमोरे झाले. मग बोलले. सावकाश, अडखळत. दूधसंघाची गाडी वर का येत नाही, ते तिने विचारलं. उत्तर द्यायला त्यांना घाम फुटला. "रस्ता नाही म्हणून" असं म्हणाले तर तिने "मंग तू आलास कशावरनं?" असं विचारलं. आम्ही निघालो तेव्हा ते मला म्हणाले, "ह्या बाईपुढे विधानसभा सोपी आहे."

रविवारी पहाटेपासून उंबरविहिरीच्या शाळेपुढे रांग लागली. डोंगराच्या तिन्ही अंगांनी बायका उतरत होत्या, नव्या लुगड्यांत, जणू जत्रेला. भाऊंची प्रतिनिधी म्हणून मला आत पेटीशेजारी बसायचं होतं, त्यामुळे मी प्रत्येकीचा चेहरा पाहिला. आडोशाआड जाताना आत्मविश्वास, बाहेर येताना ओठ दाबून धरलेलं हसू. कुणी चिठ्ठी पेटीत टाकून पेटीला हात लावून कपाळाला लावला. चांगुणा आडोशाआड गेली ती येईचना. कर्णिकांनी हाक मारली तर आतून आवाज आला, "आरं थांब की! शिक्का वाळू दे!"

दिवस कलायच्या आत तिथेच, त्याच वर्गात मोजणी झाली. खिडक्यांना माणसं लटकली होती. कर्णिक एकेक चिठ्ठी उलगडून नाव वाचत होते. लोहकरे. लोहकरे. लोहकरे. बोरस्ते.

ते नाव उच्चारलं गेलं आणि बाहेर कुजबुज सुरू झाली. लोहकरे. लोहकरे. बोरस्ते. पुन्हा बोरस्ते. शेवटी बेरीज झाली तेव्हा सुमारे पाऊण हिस्सा मतं बाईंची होती आणि पाव हिस्सा भाऊंची. काही बाद. मेलेल्या माणसांचं एकही मत नव्हतं.

तिन्ही रविवारांची बेरीज करून भाऊ उमेदवार म्हणून जाहीर झाले. पुढे ते विधानसभेवर निवडूनही आले. पक्षाने तो प्रयोग परत कधी केला नाही. पण अंतर्गत मतदान आलं की उंबरविहिरीहून आधीच निरोप यायचा, पेटी कधी पाठवताय? आणि पेटी जायची. दोन वर्षांनी लोहकरेबाई स्वतः तालुकाध्यक्ष झाल्या, त्याही काठावरच्या मतांनी. मी अजून अंदाज वर्तवते, कधी बरोबर येतात, कधी तोंडघशी पडते. पण त्या रविवारच्या संध्याकाळसारखी संध्याकाळ पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

त्या संध्याकाळी निकाल ऐकून मी भीतभीतच बाहेर आले. वाटलं, आपल्याच डोंगराने पाव हिस्सा मतं विरोधात टाकली, बाई खचल्या असतील. निकालासाठी वर आलेले भाऊ अवघडून एका बाजूला उभे होते. शाळेच्या पायरीवर लोहकरेबाई आपल्या जावेसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"जाऊबाई, खरं सांगा. तुमचं मत कुणाला?"

"सांगायचं न्हाई म्हनून तूच शिकिवलंस ना?"

"मला सांगा की. घरातली आहे मी."

चांगुणाने आधी भाऊंकडे पाहिलं, मग बाईंकडे. हनुवटी वर केली. "त्येला दिलं. तो माज्या दारात आला, माज्या हातचा च्या पिला, मी विचारलं त्येचं उत्तर दिलं. तू काय मागितलंस माज्याकडं? नुस्त्या भाकरी मोजल्यास!"

क्षणभर लोहकरेबाईंचा चेहरा कोरा झाला. आणि मग त्या हसायला लागल्या. पायरीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "फुटली!" त्या भाऊंना ओरडून म्हणाल्या. "बघितलंत का भाऊ? आमची एकजूट फुटली! माझ्या घरातच फुटली!" त्यांनी तिथेच उठून जावेला मिठी मारली, तिला उचलूनच घ्यायच्या बेतात.

"सोड गं, लोक बघत्यात," चांगुणा करवादली.

"बघू देत. पुढच्या वेळी मी येते मत मागायला. तुमच्या दारात येते."

"ये. पन सांगत्ये, च्या देईन, मताचं मातर बघू."

वाडीची वाट सुरू झाली तरी दोघींचं भांडण मला ऐकू येत होतं.